मदत हवी आहे : तीन दिवस उभी राहिली की गाडीची बॅटरी बसते

आईला दर सोमवारी दवाखान्यात न्यायचं असतं आणि नेमकी तेव्हाच गाडी नुसती टक-टक करते. बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे तिची क्षमता), आठ महिन्यांपूर्वीच घेतलेली. घरीच मल्टिमीटर लावला. चार्ज करून ठेवल्यावर १२.६ व्होल्ट, तीन दिवसांनी ११.९. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) चार्जिंग करतोय. निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं तर व्होल्टेज जागचं हलत नाही, त्यामुळे बॅटरीवर माझा संशय नाही. गाडी बंद करून, दारं लावून, अर्ध्या तासाने बॅटरीतून जाणारा करंट मोजला तर ०.३५ अँपिअर! ५० मिलिअँपिअरच्या आत हवा ना? केबिनमधले सगळे फ्यूज एकेक काढून पाहिले, आकडा तसाच. अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत, म्हणजे बॅटरीतून उलटा करंट जाऊ देत असेल का? त्याची जाड वायर सोडवून मोजायची तर आधी बॅटरी काढावी ना? कोणी केलंय का हे? कृपया सांगा, सोमवारच्या आत सोडवायचंय.