मैलाचा दगड की किलोमीटरचा?

प्रश्न: रस्त्याकडेच्या दगडावर हल्ली किलोमीटर असतात, तरी आपण म्हणतो 'मैलाचा दगड'. लिहिताना काय वापरावं? आणि बातम्यांत रोज काहीतरी 'मैलाचा दगड' ठरत असतं, ते मराठीत बसतं का?

उत्तर १: दगड जुना असेल, त्यावर मैलांचे आकडे कोरलेले असतील, तर 'मैलाचा दगड'च. राष्ट्रीय महामार्गावरच्या पिवळ्या डोक्याच्या दगडाला लेखात 'किलोमीटरचा दगड' म्हणावं. बोलताना मात्र एवढं कोणी बघत नाही, बघूही नये. तसाही मैल कधी एका लांबीचा नव्हता. रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावलं, साधारण १,४८० मीटर. इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला तो १,६०९ मीटरचा.

खरी गंमत फर्लांगाची आहे. मैलाचा आठवा भाग, २२० यार्ड. मैलाच्या दोन दगडांमध्ये फर्लांगाचे बुटके दगड असत. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मैल हळूहळू हटला. आता किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये २, ४, ६, ८ असे नुसते आकडे टाकलेले लहान दगड दिसतात, ते दर २०० मीटरला. आणि फर्लांग भरतो २०१ मीटर! 'इथून फर्लांगभर चाला' असं सांगणारे आजोबा त्यामुळे आजही अचूकच सांगतात.

उत्तर २: त्याआधीचा कोस विसरू नका. मोगलांच्या हमरस्त्यांवरचे कोसमिनार उत्तरेत अजून उभे आहेत, एक तर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात. आपल्याकडे कोस म्हणजे ढोबळमानाने दोन मैल, पण मुलखागणिक कमीजास्त. 'दर बारा कोसांवर भाषा बदलते' हे किलोमीटरात सांगून बघा, कोणी ऐकणार नाही.

उत्तर ३: 'मैलाचा दगड ठरला' ही सरळ इंग्रजीची उचल. दर मैलाला दगड असतोच, मग त्यातल्या एकाचंच कौतुक कशाला? 'महत्त्वाचा टप्पा' लिहा. नाहीतर 'मजल' आहेच. मूळ अरबी शब्द, मुक्कामाची जागा. त्यावरून एका दिवसाची वाटचाल. फक्त क्रियापद जपून वापरा. 'इथवर मजल मारली' ही शाबासकी, 'इथवर मजल गेली' ही तक्रार.

उत्तर ४: सगळे दगड सारखे कुठे असतात? दर पाचव्या किलोमीटरचा दगड मोठा असतो, त्यावर गावांची नावंही जास्त. तेव्हा बातमीत 'पाचव्या किलोमीटरचा दगड ठरला' असं लिहायला हरकत नसावी.

प्रश्नकर्ता: मान्य! आणि फाट्यावर गावांच्या नावांचे हात पसरलेला जुना खांब असतो, त्याला?

उत्तर १: लेखात 'दिशादर्शक खांब'. रस्ता सांगताना 'फाट्यावरची पाटी' म्हणा, म्हणजे ऐकणारा चुकायचा नाही.