केपाची झालेली लाँग रायफल पुन्हा चकमकीची करावी का?

ऐरणघण
पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ एका संग्राहकांकडे जुनी लाँग रायफल हातात घेऊन बघायला मिळाली. मेपलच्या दस्त्यावर वाघाच्या पट्ट्यांसारखे आडवे पट्टे, उजव्या अंगाला पितळी झाकणाचा कप्पा, माझ्या छातीपर्यंत येणारी अष्टकोनी नळी. मूळची चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडणारी. पुढे केपा, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोप्या, आल्यावर कुणीतरी तिची केपाची बंदूक करून घेतली: रंजकाची, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूची, वाटी काढली, नळीच्या कानात (ठिणगी आत जाण्याच्या भोकात) पोकळ लोखंडी ठोकळा स्क्रूसारखा पिळून बसवला, घोडा बदलला. जुन्या स्क्रूंची भोकं बुजवलेली नखाला अजून लागतात. आता मालक नवी वाटी आणि नवा घोडा लावून तिला 'मूळ रूपात' आणणार आहेत. माझा याला ठाम विरोध आहे. तो बदल त्या काळातल्याच माणसाने गरजेपोटी केलाय. तो पुसायचा अधिकार आपल्याला नाही.

पितळी_कप्पा
मला नाही पटत. ज्याने ती घडवली त्याची बाजू घ्या की जरा. लोखंडाची चपटी पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायची, थोडी थोडी करत पूर्ण लांबी घणाने जोडायची, मग आतून कोरायची. आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, पाडायला लाकडी दांड्याच्या टोकाला एक बारीक पोलादी दात. तो ओढत न्यायचा, घाव उथळ पडायला लागला की दाताखाली कागदाचा कपटा सरकवायचा आणि पुन्हा ओढायचा. एका नळीला सात-आठ आटे! एवढं करून त्या माणसाने दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत जी एक सलग रेघ साधली, ती त्या ठोकळ्याने तिथेच मोडते. त्याच्या डोळ्यांपुढची बंदूक बघायची असेल तर चकमक परत हवीच.

ऐरणघण
त्याच्या डोळ्यांपुढची म्हणजे नेमकी कुठली? ज्या चापाच्या कळीबद्दल, म्हणजे घोडा आणि वाटीच्या यंत्रणेबद्दल, आपण भांडतोय, ती बऱ्याचदा त्याने घडवलेलीच नसायची, इंग्लंडहून तयार यायची. नळी झिजली की बंदूककार आटे पुन्हा कापून द्यायचा. भोक रुंद व्हायचं, मग गोळीचा साचाही नवा. ही हत्यारं पहिल्यापासून बदलतच आलीत. मुळात लाँग रायफल हाच बदल आहे. जर्मन कारागीर आखूड, जाड नळीची शिकारी रायफल घेऊन आले. अमेरिकेत शिसं आणि दारू जपून वापरायची होती, म्हणून गोळी बारीक झाली आणि नळी ४२ इंच आणि त्याहून लांब गेली.

रानवाट
कोकणात आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, केपाची. पावसाळ्यात रंजक भिजण्याची कटकट केपाने संपवली, असं ते सांगायचे. त्या अमेरिकन शेतकऱ्यालाही तेच सुख हवं असणार. मी ऐरणघण यांच्या बाजूने.

पितळी_कप्पा
सोय झाली हे मान्य. पण सोयीसाठी केलेलं प्रत्येक काम जपण्याच्या लायकीचं असतं असं नाही. मी असे ठोकळे पाहिलेत, कानशीचे ओरखडेसुद्धा घासलेले नाहीत. शेजारीच त्या पितळी झाकणावरची वेलबुट्टी बघा, हाताने कोरलेली. तुम्ही दोघांना एकाच तागडीत तोलताय.

ऐरणघण
हो, तोलतोय. आणि व्यवहाराचंही बोलू. चकमकीची बंदूक जास्त किमतीला जाते, म्हणून हा 'मूळ रूपा'चा आग्रह पुष्कळदा धरला जातो. उद्या ही विकली गेली की घेणारा नवी वाटी जुनी समजणार. करायचंच असेल तर नव्या भागांवर आतल्या बाजूने साल कोरा, काढलेला घोडा आणि तो ठोकळा बंदुकीबरोबरच ठेवा.

पितळी_कप्पा
साल कोरायला माझी शंभर टक्के हो. भाग जपून ठेवायलाही. पण चकमक परत यावीच, यावरून मी हटत नाही.

ऐरणघण
मग एकाच गोष्टीचं उत्तर द्या. गंजून बसलेला तो ठोकळा काढताना नळीचा कान फाटला, तर तो पुन्हा कोण घडवणार?