सेवापूर्तीला बागकामाची भेट द्यायचीय, काय द्यावं?

आवक_जावक
आमच्या अधीक्षक मॅडम ३१ मेला निवृत्त होताहेत. (१ जूनवाल्या. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख सरसकट १ जून टाकली, त्या पिढीतल्या. आमच्या इमारतीत त्या दिवशी बऱ्याच शाखांत निरोप समारंभ आहेत, हारवाल्याची चंगळ.) वर्गणी पाच हजारांच्या आसपास जमलीय, शाल-श्रीफळ वेगळं. दरवेळी विठ्ठल-रखुमाईची मूर्ती नाहीतर भिंतीवरचं घड्याळ देतो. या वेळी बागेचं काहीतरी द्यायचं ठरलंय, कारण मॅडमना त्याचा खरोखर नाद आहे. साताऱ्यात स्वतःचं घर, वर गच्ची, तिथे पंचवीस-तीस कुंड्या: मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा, थोडे गुलाब. डब्यात अळूवडी असली की अळू घरचंच. गुडघे मात्र दुखतात, ऑफिसचा जिना कठडा धरून चढतात.

ऑनलाइन एक सेट बघितलाय. लाकडी मुठींची पाच हत्यारं, हातमोजे, पेटी. दिसायला झकास. घेऊन टाकू का? एका सहकाऱ्याचं म्हणणं बोन्साय द्या.

जुई_सायली
बोन्साय नको हो. ज्याला त्यातलं कळतं त्यालाच ते जगवता येतं, बाकीच्यांकडे वर्षभरात काडी उरते. अडेनियमही नको, साताऱ्याच्या पावसात उघड्यावर मुळं कुजतील. बाग करणाऱ्या बाईला झाड द्यायचं असेल तर आधी विचारा, नाहीतर रोख पाकीट बरं.

निवृत्त_अनुरेखक
मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होतो. निवृत्तीला मलाही असाच पेटीतला सेट मिळाला होता. त्यातलं खुरपं काळ्या मातीत पहिल्याच पावसाळ्यात मानेत वाकलं. पेटी चांगली आहे, तिच्यात बियांच्या पुड्या ठेवतो. तेव्हा सेट नको. पंचवीस कुंड्या सांभाळणाऱ्या बाईंकडे खुरपं असतंच, तेही लोहाराकडचं, तुमच्या पेटीतल्यापेक्षा दणकट.

तुमच्या प्रश्नातली कामाची गोष्ट म्हणजे गुडघे. कुंड्या जमिनीवर असतील तर तण काढायला, माती उकरायला, जास्वंदीच्या पानामागचा पिठ्या ढेकूण बघायला दरवेळी खाली बसावं लागतं. नोकरी असताना ते रविवारपुरतं होतं, आता रोज होणार. म्हणून माझं मत, कुंड्यांसाठी लोखंडी स्टँड करून द्या. तयार मिळणारे नाजूक जिन्यासारखे नकोत, त्यांच्यावर चार इंची कुंड्याच शोभतात. गावातल्या वेल्डिंगवाल्याला सांगा: अँगलची चौकट, उंची सव्वादोन ते अडीच फूट, खोली बारा इंची कुंडी आरामात बसेल इतकी, वर आडव्या पट्ट्या म्हणजे पाणी निथळेल. आधी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा अस्तराचा रंग), मग ऑइलपेंटचे दोन हात. पायांना रबरी बूट घालायला विसरू नका, नाहीतर लोखंड गच्चीचं वॉटरप्रूफिंग खातं आणि गंज फरशीवर उतरतो.

वजनाचं लक्षात घ्या. बारा इंची कुंडी माती भिजल्यावर वीस-पंचवीस किलोला सहज जाते. चार कुंड्या म्हणजे शंभर किलो. त्यामुळे एक लांबलचक स्टँड न करता चार-चार कुंड्यांचे दोन करा, आणि ते कठड्यालगत, भिंतीच्या किंवा तुळईच्या वर येतील असे ठेवा. स्लॅबच्या मधोमध नको. अळू आणि गवती चहा खालीच राहू द्या, त्यांना रोज हात लावावा लागत नाही. मोगरा, गुलाब, जास्वंद वर.

उरलेल्या पैशांत एक चांगला सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री. दोन जातींचे मिळतात. एकात पातं दुसऱ्या जबड्याच्या बाजूने सरकून जातं, कात्रीसारखं. दुसऱ्यात पातं सपाट पट्टीवर आदळतं. गुलाब-मोगऱ्याच्या हिरव्या फांदीला पहिलाच घ्या, दुसरा फांदी चेचतो. तो वाळक्या लाकडासाठी. आणि दुकानात जाऊन बाईमाणसाच्या हातात देऊन बघा. आठ इंचीची स्प्रिंग पुरुषालाही जड जाते, सात इंची बरा. मोगऱ्याची छाटणी करायची म्हणजे शंभर वेळा मूठ आवळायची, अंगठा बोलायला लागतो.

झारी देणार असाल तर पाच लिटरची. दहा लिटरची भरली की दहा किलो, वर झारीचं वजन, हे सगळं एका खांद्यावर.

मुहूर्त तुमचा बरा आहे, आठवड्यात मृग लागेल. दोडका, कारली, भेंडीचं बी पुडीभर द्या सोबत, पण पाकिटावरची मुदत बघून.

थेंब_थेंब
काका, स्टँड ठीक, पण पाणी कोण घालणार? ठिबकचा किट द्या टायमरसकट. मॅडम आता मुलाकडे महिनाभर जातील, यात्रेला जातील. निवृत्त माणूस घरात कुठे सापडतो!

निवृत्त_अनुरेखक
किटला माझा विरोध नाही, पण आधी टाकी कुठे आहे ते बघा. साधे ड्रिपर (कुंडीत थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) साधारण एक बार दाबावर चालतील असे बनवलेले असतात, म्हणजे दहा मीटर उंचीचं पाणी. गच्चीतली टाकी गच्चीपासून पाच-सहा फुटांवर. दाब मिळणार दोन मीटरचासुद्धा नाही. मग पहिल्या कुंडीत धार आणि शेवटच्या कुंडीत ठणठण. टाकीवर चालवायचंच असेल तर प्रत्येक कुंडीला फिरवून कमीजास्त करता येणारा ड्रिपर घ्या, लॅटरल (ड्रिपर लावायची बारीक नळी) लहान ठेवा, तोंडाशी फिल्टर लावा. टायमरही कमी दाबावर उघडणारा बघून घ्यावा लागतो, बरेचसे उघडतच नाहीत.

शेजारणीकडे किल्ली देणं हा उपायही आहे म्हणा.

आवक_जावक
सगळ्यांचे आभार. मॅडमच्या यजमानांना गुपचूप फोन केला. टाकी गच्चीतच आहे, चार फुटी ओट्यावर. स्टँडचं ऐकून ते इतके खूश झाले की मापं त्यांनीच काढून व्हॉट्सअ‍ॅप केली, पूर्वेच्या कठड्याजवळ दोन्ही बसताहेत. वेल्डिंगवाल्याने दोन्हींचे मिळून अडतीसशे सांगितलेत, रंगासकट. बोन्सायवाले सहकारी थोडे नाराज आहेत.

अडचण एकच. आमच्या वरिष्ठ लिपिक ताई म्हणतात धारदार वस्तू भेट देऊ नये, संबंध तुटतात. सिकेटर मग काढू का यादीतून? आणि समारंभात स्टेजवर स्टँड कसा द्यायचा, फोटो तर हवाच.

जुई_सायली
मॅडमकडून एक रुपया घ्या, की ती भेट नाही, विक्री झाली. आमच्याकडे सुरी-विळीला असंच करतात. ताईंनाच तो रुपया घ्यायला लावा.

निवृत्त_अनुरेखक
स्टँड आदल्या दिवशी संध्याकाळी टेम्पोने घरी पोचवा, यजमान सामील आहेतच. स्टेजवर सिकेटर, बियांच्या पुड्या आणि गच्चीवर मांडलेल्या स्टँडचा मोठा फोटो द्या. अडतीसशे जास्त वाटतात, पण रबरी बूट त्यात धरलेत का ते विचारा. नसतील तर हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात, दोन स्टँडांना आठ. आणि रंग पुरता वाळायला चार दिवस हवेत, त्यामुळे २५ तारखेपर्यंत स्टँड तयार होईल असं त्याला आत्ताच बजावा. लग्नसराईत गेट-ग्रिलची कामं असतात, वेल्डिंगवाला उद्या-उद्या करतो.