सामायिक संग्रहात लायब्ररी घेण्याआधी रिव्ह्यू सक्तीचा असावा का? माझं मत : असावा

दारव्हेकर

काय चाललंय ते आधी सांगते. आपल्या भागातल्या मराठी याद्या आणि नोंदी साफ करायला वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेलं कोड एका ठिकाणी ठेवायचं ठरतंय. वापर मोफत, सोर्स सगळ्यांना खुला. पहिला प्रस्ताव पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका छोट्या लायब्ररीचा, म्हणजे कुणालाही आपल्या कामात जोडता येईल अशा तयार कोडचा आहे. देवनागरी अंक वाचणं, शेतकऱ्यांची नावं जुळवणं आणि जमिनीची मापं बदलणं ही तिची कामं. वाद एवढाच की ती तशीच घ्यायची, की आधी दोघांनी वाचून, चालवून, लेखी मत द्यायचं.

मी सक्तीच्या बाजूने आहे.

सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत बूस्ट नावाचा लायब्ऱ्यांचा संग्रह आहे, १९९८ पासूनचा. लायब्ररी कुणीही सुचवावी, पण आत यायचं तर जाहीर रिव्ह्यू होतो. एक रिव्ह्यू मॅनेजर नेमतात आणि साधारण १० दिवस कुणीही मत लिहू शकतं. मत देणाऱ्याला विचारतात : रचना कशी आहे, कोड कसं आहे, माहिती वाचून काम जमतं का, तुम्ही स्वतः वापरून पाहिली का, किती वेळ दिला, आणि या विषयातलं तुम्हाला कितपत कळतं. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यात मत देणाऱ्याचीही पारख होते. मॅनेजर हात मोजत नाही, मुद्दे तोलतो. मग घ्या, दुरुस्त करून घ्या किंवा नको, असा निर्णय येतो. बूस्टमधला शेअर्ड पॉइंटर हा भाग पुढे सी प्लस प्लस भाषेच्या २०११ च्या अधिकृत मानकात गेला, फाइलसिस्टम हा भाग २०१७ च्या. एवढ्या लोकांनी आधीच उलटसुलट प्रश्न विचारले होते, म्हणून ते तिथवर टिकलं.

आकडेवारीसाठी वापरतात त्या आर भाषेत आरओपनसाय हा गट २०१५ पासून असंच करतो. दोन रिव्ह्यूअर, अंदाजे तीन आठवड्यांची मुदत आणि सगळी चर्चा गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर उघडी. पॅकेजच्या, म्हणजे आरमधल्या लायब्ररीच्या, माहितीत रिव्ह्यूअरचं नावही घालता येतं. ही पद्धत मला फार आवडते. दुसऱ्याचं कोड मन लावून वाचणं हेही काम आहे आणि त्याची नोंद राहते.

आपल्याकडे एक अट वाढवावी असं मला वाटतं. दोघांपैकी एकजण कोड जाणणारा असावा आणि दुसरा तो कागद जाणणारा. म्हणजे ज्याने सातबारा, खरेदीची पावती, सभासद यादी रोज हाताळली आहे असा. त्याला पायथन येत नसलं तरी चालेल.

कोरडवाहू

ताई, तुमचं म्हननं पटते, पन अर्धंच. आपल्याकडं कोड लिहिनारे हायेत किती? एखादा पोरगा रात्री, लाइन असली तं, बसून काही लिहिते. त्याच्यापुढं तुमी दोन पानं मत ठेवलं का हे चुकलं अन् ते चुकलं, तं तो पुन्हा काहून येईन? जावास्क्रिप्टचं कोड जिथं टाकतेत त्या एनपीएमवर कोनाले विचारा लागत नाई. पायथनच्या तशाच पायपीआयवर बी नाई. टाकलं, ज्याले कामाचं वाटलं त्यानं घेतलं. त्याच्यातूनच ते एवढं वाढलं ना.

कापूस खरेदी केंद्रावर पाहा. ग्रेडर गाडीत हात घालते, ओलावा पाह्यते, १२ टक्क्यांच्या वर निंगाला का गाडी वापस. ज्यानं वर्षभर मेहनत केली तो बाजूले गप उभा. तुमचा रिव्ह्यू बी असाच होईन, लिहिनारा खाली अन् पाहनारा वर. माझं म्हननं, टाकू द्या. खराब असन तं कोनी वापरनार नाई.

वैनगंगा

ग्रेडरचं आधी बोलू. तो कारण लिहून देत नाही आणि त्याला उलट विचारायची सोय नसते. राग त्याचाच येतो. रिव्ह्यूत पाहणाऱ्याचं प्रत्येक वाक्य नावासकट समोर असतं आणि लिहिणारा त्याच्याच खाली उत्तर देतो. ‘चूक आहे’ म्हणणाऱ्याला कुठे, काय दिल्यावर, काय आलं ते दाखवावं लागतं.

प्रस्तावातली लायब्ररी मी चालवून पाहिली. क्षेत्र म्हणून ‘२.२०’ दिलं की ती अडीच एकर सांगते. कारण ती त्याला २ एकर २० गुंठे धरते आणि ४० गुंठ्यांचा एकर होतो. पश्चिम महाराष्ट्रात हे बरोबर आहे. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे गुंठा कुणाच्या तोंडी नाही. आमच्याकडे डिसमिल, म्हणजे एकराचा शंभरावा भाग. माझ्या आजोबांच्या कागदावरचं २.२० म्हणजे २ एकर २० डिसमिल, अडीच एकर नव्हे. फरक ०.३० एकराचा, १३ हजार चौरस फुटांच्या वर. तोच आकडा सातबाऱ्यावर असेल तर तो २ हेक्टर २० आर, म्हणजे साधारण ५.४४ एकर.

आकडा एक, अर्थ तीन. कोड कुठे थांबत नाही, एरर देत नाही, प्रत्येक वेळी ठाम उत्तर देतं. भाऊ, म्हणूनच ‘खराब असेल तर कुणी वापरणार नाही’ हे मला पटत नाही. खराब आहे हे वापरणाऱ्याला कळणारच नाही. तो ते उत्तर अर्जात भरेल आणि पुढे निघून जाईल.

माझी सूचना मी लेखी दिली आहे : माप कोणतं ते सांगितल्याशिवाय लायब्ररीने उत्तर देऊच नये. शिवाय अंक बदलायचा जो तक्ता लिहिलाय तो काढून टाकावा. ‘१२’ हे देवनागरीत दिलं तरी पायथन त्याचा आकडा स्वतः करतं. जावास्क्रिप्टला ते जमत नाही, पण ही लायब्ररी जावास्क्रिप्टची नाही. जेवढं कोड कमी, तेवढं पुढे सांभाळायचं ओझं कमी.

मोर्शीकर

मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि रोज रिव्ह्यू करतो, करून घेतो. तरीही सक्तीला माझा विरोध आहे. कारण कोरडवाहूंपेक्षा वेगळं आहे.

रिव्ह्यू झाला म्हटलं की लोक बघायचं सोडतात. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली हार्टब्लीड नावाची चूक आठवा, २०१४ मध्ये उघडकीस आलेली. ज्या बदलात ती चूक होती तो दुसऱ्या डेव्हलपरने तपासून मगच घेतला होता. चूक दोन वर्षं तशीच राहिली आणि तोवर ती जगभरच्या सर्व्हरवर पोहोचली होती. मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचं प्रकरण त्याहून वाईट. एका माणसाने दोनेक वर्षं सभ्यपणे काम करून विश्वास मिळवला, सहमेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणाऱ्यांपैकी एक, झाला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली. ती सुरू करणारा, प्रोग्राम तयार करताना चालणारा तुकडा रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हताच, फक्त वाटायच्या गठ्ठ्यात होता. रिपॉझिटरी वाचणाऱ्याला तो दिसणार कसा? पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरने. एसएसएचचं, म्हणजे दूरच्या संगणकावर जायचं, लॉगिन अर्धा सेकंद रेंगाळतंय हे त्याला खटकलं आणि तो खोदत गेला. तो रिव्ह्यूअर नव्हता, वापरणारा होता.

बूस्टचं कौतुक झालं, तर हेही सांगायला हवं की तिथे रिव्ह्यू मॅनेजर मिळेपर्यंत लायब्ऱ्या रांगेत पडून राहिल्याची तक्रार जुनी आहे. त्या एवढ्या मोठ्या गटाला माणूस मिळत नसेल, तर आपल्या मूठभर लोकांत कुठून आणणार? त्यापेक्षा टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर अपेक्षित उत्तराशी आपोआप ताडून पाहणारं कोड, लिहा, चुका कळवायची वाट सोपी करा आणि वापर वाढवा. हाताशी असलेली माणसं त्या कामाला लावा.

दारव्हेकर

मोर्शीकर, दोन्ही उदाहरणं खरी आहेत. पण एक्सझेडमध्ये आधीच आत असलेल्या लायब्ररीवर हल्ला झाला. प्रवेशाच्या रिव्ह्यूने तो अडला असता असं मी म्हणणार नाही. नव्या लायब्ररीच्या रिव्ह्यूत प्रश्न वेगळा असतो : ही जे करते ते मुळात करायला हवं तसं आहे का? हार्टब्लीडच्या वेळी एकाने पाहिलं आणि चूक निसटली, म्हणून पाहणंच सोडायचं का? मी दोघं म्हणते ते त्यासाठीच.

टेस्टबद्दल मात्र ठाम विरोध. लिहिणाऱ्याला जे माहीत असतं तेवढंच त्याची टेस्ट तपासते. या लायब्ररीत २.२० ची टेस्ट आहे, मी ती पाहिली. ती पास होते, कारण समोरचं अपेक्षित उत्तर २.५ हेही लेखकानेच लिहिलंय. डिसमिल हे माप त्याच्या कानावर कधी पडलंच नसेल, तर तो त्याची टेस्ट लिहील कुठून? ते वैनगंगेसारख्या कुणी सांगितलं तरच कळतं.

वणाकाठ

मी प्रोग्रामर नाही. हिंगणघाटकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत सभासदांच्या याद्या सांभाळते. दारव्हेकर ताईंनी ‘कागद जाणणारा’ म्हटलं म्हणून लिहायचं धाडस करते.

भाच्याने ही लायब्ररी माझ्या दोन याद्यांवर चालवून दिली. बिऱ्हाडे आडनावाचे सभासद जुळले नाहीत. दोन्ही याद्यांत नाव अगदी सारखं दिसतं, अक्षर न् अक्षर. पण साफ केलेल्या यादीत काही ठिकाणी ‘बिऱ्हाडे’ आणि काही ठिकाणी ‘बिर्हाडे’ असं आलं. पहिल्या यादीच्या मथळ्यातही ‘शेतकऱ्याचे नाव’ होतं, ते ‘शेतकर्याचे नाव’ झालं. हे का होतं ते मला सांगता येणार नाही. पण ज्याचं नाव जुळलं नाही त्याचे तुरीचे पैसे अडकतात आणि तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहतो. ‘वापरणाऱ्यांना चुका सापडतील’ असं वर लिहिलंय. सापडतात, पण कुणाच्या पैशावर?

दर्यापूरकर

का होतं ते मी सांगतो. बिऱ्हाडेमधलं अर्धं र संगणकात तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. एक, स्वतंत्र ऱ हे अक्षर आणि हलन्त. दोन, साधा र, खाली नुक्ता (टिंब) आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखे. संगणकात अक्षरं साठवायचं मानक युनिकोड, त्याची एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं एकसारखं करायची एनएफसी पद्धत पहिले दोन एक करते, तिसऱ्याला हात लावत नाही. आणि ही लायब्ररी सुरुवातीलाच सगळी न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढते. जॉइनर गेला की अर्धं र पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतं.

उपाय सोपा आहे. काढण्याआधी र, हलन्त, जॉइनर असा क्रम दिसला की त्याचं ऱ आणि हलन्त करायचं, मग बाकीचं साफ करायचं. दोन ओळींचं काम. पण कोड वाचून हे माझ्या लक्षात आलं नसतं. ताईंची यादी पाहिली तेव्हा आलं.

कोरडवाहू

डिसमिलचं अन् बिऱ्हाडेचं पटलं. कोनाचे पैसे अडकत असन तं पाह्यलंच पाह्यजे.

पन माझ्या अटी ऐका. एक, मत मराठीत लिहाचं. इंग्रजीत लिहिलं का आमचा पोरगा वाचतच नाई, अन् वनाकाठच्या ताईसारखे लोक लिहीतच नाई. दोन, चूक दाखवली तं कोन्या यादीवर आली ते बी द्याचं, नुसतं ‘बरोबर नाई’ चालनार नाई. तीन, तीन आठवड्यांत मत नाई आलं तं लायब्ररी आपोआप आत. पाहनाऱ्याले फुरसत नाई म्हनून लिहिनाऱ्यानं किती दिवस थांबाचं?

दारव्हेकर

पहिल्या दोन अटी मला पूर्ण मान्य. मराठीचं तर नक्कीच. आरओपनसायने आपलं मार्गदर्शक स्पॅनिशमध्ये आणलं आणि स्पॅनिशमध्ये रिव्ह्यूही घेतात. आपल्याला मराठीत न करण्याचं काही कारण नाही.

तिसरी मान्य नाही. कुणी न पाहता आत आलेली आणि दोघांनी चालवून पाहिलेली लायब्ररी एकाच यादीत शेजारी दिसणार असेल, तर वणाकाठ ताईंनी कोणती उचलायची? मुदत उलटली तर दुसरा रिव्ह्यूअर शोधणं ही संग्रह चालवणाऱ्यांची जबाबदारी धरा, माझी धरा. दार आपोआप उघडायला नको.

मोर्शीकर

मग मधला मार्ग काढा. दोन कप्पे करा. ‘तपासलेल्या’ आणि ‘न तपासलेल्या’. दुसऱ्या कप्प्यात कुणीही, केव्हाही टाकावं. सक्तीला माझा विरोध अजूनही आहे, पण खूण करायला नाही. मात्र खुणेवर तारीख आणि आवृत्ती हवी. ०.१ तपासली म्हणून ०.४ तपासली असं कुणी समजू नये. एक्सझेडवरून माझा मुद्दा तोच होता.

वैनगंगा

आवृत्तीची सूचना उत्तम, माझा पाठिंबा. मी तिरोड्याकडचे डिसमिलवाले जुने कागद नावं झाकून जमवायला घेते. टेस्टला कामी येतील. यवतमाळ-वाशीमकडे तोंडी माप काय चालतं ते कुणीतरी लिहा. एकर आणि आर एवढंच, की आणखी काही?

कोरडवाहू

दोन कप्पे चालते. पन न तपासलेलं म्हनून त्या कप्प्यातलं वर्षभर तसंच पडू देनार नाई मी. दर महिन्याले इथंच इचारनार, कोन पाह्यते म्हनून. माझं पावसाच्या नोंदीचं हाय, तेच पहिले टाकतो. तालुक्याच्या आकड्यात मिलिमीटरच्या जागी सेंटिमीटर कुठं घुसले ते हुडकते. ज्यानं स्वतः पर्जन्यमापकावर नोंदी घेतल्या तो मानूस पाहाले पाह्यजे, दुसरा कोनी बी चालन.