मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधलं म्युटेशन: कॅन्सरचं कारण की नुसता प्रवासी?

सेमिनारसाठी विषय घेतलाय आणि आता फसलोय. ट्यूमरमध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीच्या ऊर्जाघराच्या) डीएनएमधली ही म्युटेशन, म्हणजे बदल, सापडतात हे सगळीकडे लिहिलंय, पण त्यांच्यामुळे कॅन्सर होतो की कॅन्सर झाल्यावर ती साठतात? आणि हा डीएनए आईकडून मिळतो, मग म्युटेशनही आईकडूनच येतात का?

– गोंधळी_पेशी

१९९८ ला कॅन्सर संशोधक व्होगेलस्टाइनच्या ग्रुपने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या १० सेल लाइन (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) बघितल्या, ७ मध्ये म्युटेशन निघाली, आणि बहुतेक म्युटेशन पेशीतल्या या डीएनएच्या जवळपास सगळ्या कॉपींमध्ये. लोकांना वाटलं सापडला चोर! पण पेशीत शेकडो-हजारो कॉपी असतात, पेशी विभागत गेली की निव्वळ योगायोगानेही एकच कॉपी सगळीकडे पसरू शकते. आणि ट्यूमरमधली बरीचशी म्युटेशन नंतर झालेली असतात, आईकडून आलेली नाहीत.

– सूक्ष्मदर्शक

सरसकट प्रवासी म्हणू नकोस रे. किडनी-थायरॉइडचा ऑन्कोसायटोमा (मायटोकॉन्ड्रियाने भरलेल्या पेशींचा ट्यूमर) वाच, तिथे कॉम्प्लेक्स १ चे (ऊर्जा बनवण्याच्या साखळीतल्या पहिल्या प्रोटीन-गटाचे) जीन अक्षरशः मोडलेले असतात आणि पेशी भरपाई म्हणून मायटोकॉन्ड्रियाच ठासून भरते. गंमत म्हणजे किडनीतला हा ट्यूमर सहसा निरुपद्रवी असतो. उलट २००८ मध्ये जपानी लोकांनी उंदराच्या ट्यूमर पेशींमध्ये हा डीएनए अदलाबदल केला तर शरीरात पसरण्याची ताकद त्याच्याबरोबर दुसऱ्या पेशींत गेली, कारण रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन (पेशीला इजा करू शकणारे ऑक्सिजनचे रेणू) वाढला होता.

– जुनी_लॅबवाली

म्हणजे ट्यूमर बघून उत्तर बदलतं. स्लाइड परत करतो 😅

– गोंधळी_पेशी