निवृत्तीनंतर निसर्गाची फोटोग्राफी: कॅमेरा कोणता घ्यावा?

नमस्कार. नुकताच बँकेतून निवृत्त झालो, मुक्काम साताऱ्यात. आता डोंगर, धबधबे, कासची फुलं यांचे फोटो नीट शिकून काढायचे आहेत. पक्ष्यांचा नाद सध्या नाही. जड ओझं घेऊन चढण जमणार नाही. बजेट साठ हजार. दुकानदार म्हणतो, थोडे वाढवून फुल फ्रेमच (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्या. जाणकारांनी सल्ला द्यावा.

प्रतिसाद १
काका, फुल फ्रेम नकोच. त्याच्या चांगल्या लेन्स जड आणि महाग. एपीएस-सी म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा मिररलेस (आत आरसा नसलेला, हलका कॅमेरा) घ्या, सोबत येणारी किट लेन्स निसर्गदृश्यांना पुरते. सेकंडहँड घेतलात तर लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशी नाही ना, ते बघा. आपल्या पावसाळ्यात ती फार धरते. उरलेल्या पैशांत ट्रायपॉड आणि सर्क्युलर पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर). हे दोन आल्याशिवाय दुसऱ्या लेन्सचा विचारही करू नका.

ठोसेघरच्या धबधब्याला ओली पानं, ओले खडक पांढरट चमकतात आणि हिरवा रंग मरतो. पोलरायझरची रिंग हळूहळू फिरवत स्क्रीनकडे बघा. एका जागी ती चकाकी उतरते, काळा कातळ आणि पानांचा खरा रंग दिसायला लागतो. नंतर कॉम्प्युटरवर हे तसं जमत नाही. फिल्टर उजेडही कमी करतो, म्हणून ढगाळ हवेत शटर अर्धा सेकंद उघडं ठेवून पाण्याच्या धारा मऊ करता येतात. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ ११ (लेन्सचं भोक बरंच लहान), आणि बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. मीही साठी ओलांडलेला, म्हणून एक भर: बाहेर वळणाऱ्या स्क्रीनचंच मॉडेल घ्या. कासला सीतेची आसवे ही फुलं इतकी लहान, की कॅमेरा जमिनीलगत न्यावा लागतो, आणि या वयात पालथं पडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावणं नको वाटतं. हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. शनिवार-रविवार टाळा. ढगाळ दिवस असेल तर आवर्जून जा, तेरड्याचा गुलाबी रंग कडक उन्हात फिका पडतो. पायवाट मात्र सोडू नका. कातळावर मातीचा थर जेमतेम आहे, तुडवलेली झाडं पुन्हा उभी राहत नाहीत. फोटोसाठी आत शिरणारे बघून जीव तुटतो.

बाकीचे महिने यवतेश्वर घाटातली एकच जागा धरा. तिथून सकाळी सूर्य समोर येतो, संध्याकाळी पाठीशी, आणि अजिंक्यतारा किल्ला दोन्ही वेळा निराळा दिसतो. उजेड ओळखायला याहून चांगली शाळा नाही.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. फुल फ्रेम रद्द. फोटो रॉमध्ये काढू की जेपेगमध्ये?

प्रतिसाद १
दोन्ही एकदम साठवा. जेपेग ही तयार, लहान फाइल घरच्यांना पाठवायला, रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल जपून ठेवायला. एडिटिंग शिकलात की याच पावसाळ्यातल्या फाइली पुन्हा उघडाल.