साठवलेली डॉलरची नाणी : ठेवावीत की मोडावीत?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. तळघर आवरतोय. येत्या मार्चमध्ये हे घर विकून आम्ही दोघं पुण्याला परत जाणार आहोत, त्यामुळे पंचवीस वर्षांचा पसारा निकालात काढणं चालू आहे. एका गोष्टीपाशी गाडं अडलंय.

माझ्याकडे एक डॉलरची नाणी आहेत. भरपूर आहेत.

आधी सहा सीलबंद खोके. प्रत्येकात 250 नाणी, टेलर, फिलमोर, लिंकन वगैरे राष्ट्राध्यक्षांची. ती कशी आली हे सांगायला जरा लाज वाटते. 2009-10 च्या सुमारास अमेरिकी टांकसाळ ही नाणी दर्शनी किमतीला, टपालखर्च न घेता घरपोच द्यायची आणि क्रेडिट कार्ड चालायचं. नाणी लोकांच्या हातात फिरावीत हा सरकारचा हेतू. आम्ही कार्डावर नाणी घ्यायचो, खोके न फोडता बँकेत भरायचो, त्याच पैशांनी कार्डाचं बिल फेडायचो आणि कार्डावर मिळणारे विमानाचे माइल्स (ज्यांवर तिकीट निघतं) खिशात. (हसू नका, आमच्या ऑफिसातले निम्मे देशी हेच करत होते.) जुलै 2011 मध्ये टांकसाळीने या नाण्यांसाठी कार्ड घेणं बंद केलं तेव्हा आमचा उद्योग थांबला. शेवटचे सहा खोके मात्र मी भरले नाहीत. "मुलासाठी राहू देत, पुढेमागे भाव येईल," असं बायकोला सांगितलं होतं. मुलगा आता सव्वीसचा आहे, सिएटलला असतो. नाणी हवीत का विचारलं तर म्हणाला, "बाबा, मी पाकीटच वापरत नाही."

मग एक कॉफीचा डबा. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या मशीनमध्ये वीसची नोट घातली की सुट्टे म्हणून डॉलरची नाणी खळखळ पडायची. दुकानात द्यायला संकोच वाटायचा, म्हणून डब्यात जायची. बहुतेक सोनेरी, सकागविया या आदिवासी स्त्रीचं चित्र असलेली, थोडी सुझन अँथनी या स्त्रीहक्कांच्या पुढारी बाईंचं चित्र असलेली. दोनेकशे असतील.

शेवटी शेजारच्या आजोबांनी फ्लोरिडाला जाताना दिलेली नऊ नाणी: आयझेनहॉवरची पाच थोराड नाणी निळ्या पाकिटांत, आणि 1880 ते 1921 मधले चार मॉर्गन डॉलर, म्हणजे जुनी चांदीची नाणी.

नुसते खोकेच 12 किलोंच्या वर भरतात, म्हणजे बॅगेतून नेण्याचा प्रश्न नाही. बायको म्हणते, उद्याच्या उद्या बँकेत टाक. मला वाटतं, पंधरा वर्षं सांभाळली ती उगाच का? जाणकारांनी सांगावं.

नाणेघाट

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. खोक्यांना भाव येणार नाही. 2011 च्या डिसेंबरात सरकारने चलनासाठी ही नाणी पाडणं थांबवलं, कारण फेडरल रिझर्व्हच्या तिजोऱ्यांत 140 कोटींहून जास्त पडून होती. एवढा साठा असताना तुमच्या दीड हजारांसाठी कोण जास्त मोजणार? सीलबंद रोलला (खोक्यातल्या पंचवीस-पंचवीस नाण्यांच्या गुंडाळीला) क्वचित चार पैसे वर मिळतात, ते पाठवणावळीत जातात. उलट 2010 च्या डॉलरमध्ये आज सत्तर सेंटचा माल येतो, म्हणजे तळघरात ठेवून तुम्ही त्यांची किंमत झिजवत बसला आहात.

बँकेत नेण्याआधी एक काम करा. या नाण्यांवर साल आणि टांकसाळीचं अक्षर (नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगणारं) कडेवर असतं. 2007 मध्ये वॉशिंग्टनची हजारो नाणी कोऱ्या कडेचीच बाहेर पडली आणि त्यांना आजही गिऱ्हाईक आहे. तुमच्याकडे वॉशिंग्टन नाही, तरी रोल फोडून कडा बघा. एक संध्याकाळ जाईल.

डब्यातही दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. सुझन अँथनी 1979 चं, पी (फिलाडेल्फिया) अक्षराचं असेल आणि साल कडेला अगदी चिकटलेलं असेल तर बाजूला काढा. 2000 सालच्या सकागवियाच्या मागे गरुडाच्या शेपटीची पिसं ठसठशीत कोरलेली दिसली तर खुर्चीला घट्ट धरून बसा. नाश्त्याच्या चीरिओसच्या खोक्यांतून तशी 5,500 नाणी वाटली होती. तुमच्या डब्यात निघेल असं वाटत नाही, पण बघायला पैसे पडत नाहीत.

खरा माल त्या नऊ नाण्यांत आहे. निळ्या पाकिटातली आयझेनहॉवर म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत संग्राहकांसाठी पाडलेली, 40 टक्के चांदीची. वजन 24.59 ग्रॅम भरलं पाहिजे, साधं 22.68 भरतं. एकेकात 0.3161 ट्रॉय औंस चांदी (एक ट्रॉय औंस म्हणजे साधारण 31.1 ग्रॅम). मॉर्गन 90 टक्के, चांदी 0.7734 औंस. त्या दिवसाच्या भावाने गुणा, त्याखाली कुणाला देऊ नका. मॉर्गनच्या मागे पुष्पचक्राच्या गाठीखाली 'सीसी' अक्षरं आहेत का बघा. ती कार्सन सिटीच्या टांकसाळीची, त्यांना चांदीच्या कितीतरी वर मिळतं. आणि कृपा करून काहीही घासूनपुसून ठेवू नका.

खडूस आजोबा

एक्वाडोरला जा फिरायला. तिथे आपला डॉलरच चलनात आहे आणि सोनेरी सकागविया बसवालेसुद्धा हसत घेतात. गावाकडे दहाचं नाणं वाणी घेईना तेव्हा मला त्यांची आठवण झाली होती.

शमा ओहायो

एडिसनकर, त्या माइल्सवर तुम्ही कुठे गेलात? प्रवास झाला असेल तर खोक्यांचा नफा तुम्ही केव्हाच घेतलाय. आता फक्त मुद्दल उचलायचंय. चांदीसाठी दोन-तीन नाण्यांच्या दुकानांत भाव काढा, हॉटेलात खोली घेऊन 'सोनं-चांदी विकत घेतो' म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. आणि ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याची प्रत ठरवून घ्यायला, पाठवायच्या भानगडीत पडू नका, साध्या मॉर्गनला तो खर्च झेपत नाही.

एडिसनकर

धन्यवाद सगळ्यांना. शनिवारी साठही रोल फोडले. कडेवरची अक्षरं सगळ्यांना आहेत, कोरी एकही नाही. बायकोने चहा आणून दिला आणि काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

बँकेतल्या मुलीने एका वेळी दोन खोके आणा म्हणून सांगितलंय. पहिले दोन भरले. डब्यात 1979 चं एक चिकटलेल्या सालाचं निघालं, ते ठेवलं. बाकीचा डबाही बँकेत जाईल. आयझेनहॉवरचं वजन बरोबर भरलं. दोन दुकानांत विचारलं, जास्त भाव देणाऱ्याला पाचही दिली.

शमा, माइल्सवर 2011 च्या दिवाळीला आईला आणलं होतं. सगळं तिकीट नाही, पण बरंचसं त्यातूनच निघालं. तुम्ही विचारेपर्यंत मी हा हिशेब कधी मांडलाच नव्हता.

मॉर्गनवर 'सीसी' नाही. एकावर 'ओ' (न्यू ऑर्लिन्स) आहे, बाकींवर अक्षरच नाही. नाणेघाट, तुमचा घासू नका हा सल्ला चौदा वर्षं उशिरा आला. दुकानदाराने भिंगातून बघून लगेच सांगितलं, ही जोरात घासलेली आहेत, चांदीचा भाव मिळेल, वर काही नाही. रात्री आईला फोन केला. म्हणाली, "काळी पडली होती रे, तशीच कशी लक्ष्मीपूजनाला मांडायची? रांगोळीने स्वच्छ केली." तेव्हा ती चार पुण्याला येतायत, देव्हाऱ्यातल्या डबीत.